नववीतली अदलाबदल

१९८५-८६ मध्ये अमरावती आणि हरियाणातील झज्जर इथे पहिली दोन नवोदय विद्यालये प्रयोग म्हणून सुरू झाली. हिंदी आणि अहिंदी भागांतल्या शाळांनी नववीतल्या ३० टक्के मुलांची अदलाबदल करायची, हे या योजनेचे वैशिष्ट्य. आपल्यातले काही तिकडे गेले, तिकडचे काही इथे आले. अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी या सदनांत ती मुले वाटली गेली. त्यामुळे समूहगीत असो वा खो-खो, ती आपल्याच बाजूने उतरली. मराठी त्यांनी मेसच्या रांगेत उचलली, आमची हिंदीही तिथेच सुधारली. बारावीच्या पटावरून मेळाव्याची यादी केली, की नेमकी हीच मुले निसटतात. तोवर ती परतली होती. मित्रांनो, त्यांचे नंबर शोधूया. तीही आपल्याच बॅचची आहेत.