कॉफी, दमणं आणि बारा मायक्रोग्रॅम

परवा भाच्याचा फोन आला. स्वारी आयुष्यातली पहिली हाफ मॅरेथॉन पळणार आहे. "मावशी, पळायच्या आधी कॅफिनची गोळी घेऊ का गं? ग्रुपमधले सगळे घेतात." मी "मुळीच नको!" म्हणून मोकळी झाले. त्याचे आजोबा, म्हणजे माझे वडील, हृदयविकाराने गेले. माझ्या तोंडून दुसरं काय निघणार?

फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, दिवसाला तीन कप कॉफी ढोसणारी मी हे कुठल्या तोंडाने सांगतेय? मग बसले वाचत, आणि कॅफिनच्या इतिहासातच रमले.

सुरुवात मोठी गमतीची आहे. फ्रीडलिब रुंगे नावाच्या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एका विषारी वनस्पतीचा अर्क मांजराच्या डोळ्यात घालून बाहुली कशी मोठी होते ते कवी ग्योथेला दाखवलं. ग्योथे खूश झाला आणि त्याने रुंगेच्या हातावर कॉफीच्या बिया ठेवल्या, यांच्यात काय आहे ते शोध म्हणून. १८१९ साली रुंगेने त्यातून कॅफिन वेगळं काढलं.

पण त्याने अंगात बळ येतं का, हे नीट तपासलं ते केंब्रिजच्या रिव्हर्सने. हा तोच रिव्हर्स, ज्याने निलगिरीतल्या तोडा लोकांवर १९०६ साली पुस्तक लिहिलं. १९०७ मध्ये त्याने आणि वेबरने बोटाने वजन पुन्हा पुन्हा उचलायचं यंत्र घेऊन स्वतःवरच प्रयोग केले. पठ्ठ्याची खुबी अशी, की कधी कॅफिन घ्यायचं, कधी त्याच चवीचं पण कॅफिन नसलेलं पेय, आणि आज कुठलं आहे ते पिणाऱ्याला कळू द्यायचं नाही! कारण "आज घेतलंय" एवढ्या जाणिवेनेही माणसाला जोर चढतो, हे त्याने ओळखलं होतं. तरीही निकाल स्पष्ट होता. कॅफिनने काम जास्त होत होतं.

त्यानंतर १९७८. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बॉल स्टेट विद्यापीठात कॉस्टिल आणि सहकाऱ्यांनी नऊ सायकलपटूंना अगदी थकेपर्यंत सायकल मारायला लावली. तासभर आधी ३३० मिलिग्रॅम कॅफिनची कॉफी प्यायलेले सरासरी ९०.२ मिनिटं टिकले, कॅफिनविरहित कॉफीवर ७५.५ मिनिटं. कॅफिनमुळे शरीर चरबी जास्त जाळतं आणि स्नायूंतली साखर वाचते, असं तेव्हा वाटलं. आता मुख्य कारण वेगळं मानतात. शरीरात अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन "दमलास, थांब" असा निरोप मेंदूला देत असतं. कॅफिन त्या निरोप्याच्या खुर्चीत जाऊन बसतं. दमणूक होतेच, फक्त निरोप पोचत नाही.

एवढं कळल्यावर ऑलिंपिकवाले गप्प कसे बसतील? १९८४ साली मर्यादा आली. पुढे ती लघवीच्या एका मिलिलिटरमध्ये १२ मायक्रोग्रॅम ठरली. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अ‍ॅलेक्स वॉटसन हा ऑस्ट्रेलियन पेंटाथलॉनपटू तिच्यापुढे गेला म्हणून बाद झाला. तो म्हणत होता, मी फक्त कॉफी प्यायलोय. पुढे त्याच्यावरची बंदी उठली आणि १९९२ ला बार्सिलोनात तो पुन्हा उतरला. खरं तर प्यायलेल्या कॅफिनपैकी जेमतेम एक ते तीन टक्के लघवीत जसंच्या तसं उतरतं, आणि तेही माणसागणिक वेगळं. मग चोर कोण आणि कॉफीबाज कोण, हे ठरवायचं कसं? अखेर १ जानेवारी २००४ पासून कॅफिन बंदीच्या यादीतून निघालं. आता त्यावर फक्त लक्ष ठेवतात.

आणि हृदय? माझा जीव तिथेच अडकला होता. तेच अ‍ॅडेनोसिन व्यायामाच्या वेळी हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंद करायलाही मदत करतं. २००६ मध्ये ज्यूरिखच्या डॉक्टरांनी अठरा निरोगी माणसांना २०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं. बसल्या जागी हृदयाचा रक्तपुरवठा तसाच राहिला. पण व्यायामात तो जितका वाढायला हवा होता तितका वाढला नाही; ही क्षमता सुमारे २२ टक्क्यांनी घटली, आणि उंचावरच्या विरळ हवेइतक्या कमी ऑक्सिजनमध्ये ३९ टक्क्यांनी. धडधाकट हृदयाजवळ शिल्लक भरपूर असते, ते निभावून नेतं. आधीच अरुंद झालेल्या वाहिन्यांचं काय, हा प्रश्न मात्र उरतो.

बाबा रोज पहाटे कडक कॉफी पिऊन टेकडी चढायचे. "दमतच नाही गं मी," असं अभिमानाने सांगायचे. त्या कॉफीने काही केलं असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच कळायचं नाही. पण निरोप पोचत नव्हता की काय, हा विचार आता डोक्यातून जात नाही.

असो. रात्री भाच्याला पुन्हा फोन लावला. म्हटलं, गोळीचं मागाहून बघू, आधी घराण्याचा इतिहास सांगून डॉक्टरांकडून हृदय तपासून घे. आणि पळताना छातीत काही वाटलं, तर कॅफिन काहीही म्हणो, तू थांब. "बरं मावशी," म्हणाला. मी फोन ठेवला आणि सवयीने कॉफीचं आधण टाकलं :-)