ऋतुकालाचा हिशेब

स्त्रीच्या पाळीचे दिवस मोजून गर्भधारणेचा काल ओळखावा, ही कल्पना नवी नाहीं. मनुस्मृतीनें ऋतुकाल सोळा रात्रींचा मानला आणि पहिल्या चार, अकरावी व तेरावी या रात्री वर्ज्य ठरवून उरलेल्या दहा प्रशस्त सांगितल्या. सुश्रुतसंहितेनें हा काल बारा रात्रींचा धरला. हेतु अर्थात् संतति व्हावी हा होता, टळावी हा नव्हे. सम रात्रीं पुत्र व विषम रात्रीं कन्या ही त्यांतील समजूत निराधार ठरली; तथापि पाळीनंतरचे दिवस गर्भास अनुकूल, हें स्थूलमानानें खरें निघालें.

युरोपांत याहून विचित्र प्रकार घडला. एकोणिसाव्या शतकांत कित्येक डॉक्टर पाळीच्या मागचेपुढचे दिवसच धोक्याचे समजत व महिन्याचा मध्य निर्धोक सांगत. ज्या सल्ल्यावर जोडपीं निश्चिंत राहत, तोच त्यांस फसवीत असे. हा भ्रम १९२० नंतरच्या दशकांत फिटला. जपानांत क्यूसाकु ओगिनो व ऑस्ट्रियांत हर्मान क्नाउस यांनीं स्वतंत्रपणें दाखविलें कीं, स्त्रीबीज सुटतें तें पुढील पाळीच्या सुमारें दोन आठवडे आधीं. परंतु पुढील पाळी केव्हां येणार हें आधीं कोणास निश्चित ठाऊक असतें? या पद्धतीची सारी अडचण या एका प्रश्नांत सांठविली आहे.

महाराष्ट्रांत या विषयास उघडपणें वाचा फोडली ती रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं. त्यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें. या कार्यापायीं गणिताची प्राध्यापकी गमवावी लागली, तरी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनीं १९५३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत चालविलें. त्यांचा भर साधनांवर होता. उलट, १९३५ च्या डिसेंबरांत मार्गारेट सँगर वर्ध्यास गांधीजींस भेटल्या, तेव्हां कृत्रिम साधनें त्यांनीं साफ नाकारलीं. मात्र निर्धोक दिवसांचा मार्ग त्यांस तितका अप्रिय वाटला नाहीं. कारण उरलेल्या दिवसांत संयम पाळावाच लागतो.

स्वातंत्र्यानंतर हाच कल राजकुमारी अमृत कौर यांच्या आरोग्यखात्यांत दिसून आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीनें डॉ. अब्राहम स्टोन १९५१ सालीं भारतांत आले. दिल्लीची लोदी वसाहत व म्हैसूर राज्यांतील रामनगरम् येथें प्रयोग झाले. निरक्षर स्त्रियांस रंगीत मण्यांची माळ देण्यांत आली. धोक्याच्या दिवसांचा रंग निराळा, निर्धोक दिवसांचा निराळा; रोज एक मणी सरकवावयाचा. युक्ति सुबक होती, परंतु माळ ताइताप्रमाणें आपोआप रक्षण करील असा कित्येकींचा समज झाला. प्रयोगास फारसें यश आलें नाहीं.

जालना त्या वेळीं हैदराबाद राज्याच्या औरंगाबाद जिल्ह्यांत होतें. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजीं. या मुलखांतील खेड्यांत स्त्रीस दिवस मोजावयास शिकविण्याची गरज नव्हती. शुद्ध-वद्य तिथींवर घरचा सारा व्यवहार चाले, आणि ‘कावळा शिवला’ म्हणजे ती तीन दिवस बाजूस बसे, तेव्हां घरांतील पोरासोरांसही तें कळे. पाळीची तिथि सर्वांस ठाऊक. परंतु चौथ्या दिवशीं न्हाऊन घरांत आल्यावर कोणती रात्र टाळावयाची, हें ठरविण्याचा अधिकार मात्र तिचा नव्हता. शिवाय अंगावर पिणारें मूल असतां पाळी अनियमित होते, व हिशेबच चुकतो. ज्या बाळंतिणीस पुढचें बाळंतपण लांबविणें सर्वांत आवश्यक, तिलाच ही गणना सर्वांत कमी उपयोगी पडे.

आज शास्त्र अधिक स्पष्ट आहे. स्त्रीबीज सुमारें एक दिवस टिकतें, पुरुषबीज पांच दिवसांपर्यंत; म्हणून प्रत्येक पाळीचक्रांत सुमारें सहा दिवसच गर्भधारणेचे. पातळ, निसरडा स्राव त्यांची चाहूल देतो. बीज सुटल्यावर शरीराची उष्णता किंचित् वाढते. ज्यांचें चक्र २६ ते ३२ दिवसांचें, त्यांच्यासाठीं आठवा ते एकोणिसावा दिवस वर्ज्य मानणारी मण्यांची नवी माळ २००० नंतर प्रचारांत आली. काटेकोर पाळल्यास वर्षाकांठीं शंभरांत सुमारें पांच स्त्रियांस, सर्वसाधारण वापरांत सुमारें बारा जणींस गर्भ राहतो. मूल हवें असणाऱ्यांस हेंच ज्ञान उलट बाजूनें उपयोगी पडतें.

रामनगरमच्या माळेपासून आजच्या माळेपर्यंत गणित सुधारलें. परंतु मणी सरकविणारा हात एकीचा आणि रात्रीचा निर्णय दुसऱ्याचा, अशी स्थिति जेथें आहे, तेथें अचूक गणितही निरुपयोगीच ठरतें.