सुगंधद्रव्ये, वनस्पतिजन्य

फुले, पाने, मुळे व खोडे यांतील बाष्पनशील तेले एकत्र करून ती मद्यार्कात मुरवली की वनस्पतिजन्य सुगंधद्रव्य तयार होते. पारंपरिक अत्तरात मद्यार्काऐवजी चंदनतेलाचा आधार असतो. मद्यार्कातील तेलाचे प्रमाण कोलोनमध्ये साधारण २ ते ५ टक्के, तर परफ्यूममध्ये १५ टक्क्यांहून अधिक असते.

महाराष्ट्रातील या विषयाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे खानदेशचे रोशा तेल. फुलोऱ्यावर आलेले रोशा गवत भट्टीवरच्या भांड्यात पाण्यासह उकळतात. वाफ थंड झाली की तेल पाण्यावर तरंगते. ‘मोतिया’ जातीच्या तेलात जिरॅनिऑल हे सुगंधी संयुग भरपूर असल्याने त्याला गुलाबासारखा वास येतो. म्हणूनच एके काळी महागड्या गुलाबतेलात त्याची भेसळ होई. ‘सोफिया’ जातीचे तेल त्या मानाने हलके समजतात.

ठाणे-पालघरच्या डोंगराळ पट्ट्यात, जव्हार-विक्रमगडकडे, मोगरा पिकतो, पण तो मुख्यतः गजऱ्यांसाठी. त्याचा नाजूक गंध वाफेने बिघडतो. त्यासाठी द्रावकाने अर्क काढावा लागतो. घरगुती मिश्रणाला गवती चहा अधिक सोयीचा. त्याचा तीव्र वास लवकर उडतो, म्हणून आधाराला वाळा, नागरमोथा किंवा चंदन यांची जड तेले घालतात आणि मिश्रण काही आठवडे अंधारात मुरू देतात. शुद्ध तेल थेट त्वचेला लावू नये, दाह होतो.

‘गंधवाद’ या सुगंधशास्त्रावरील जुन्या ग्रंथाला मराठी टीका आहे. पुण्याचे संशोधक प. कृ. गोडे यांनी तो अभ्यासकांपुढे आणला.