सहाण, गुटी आणि उज्जैनची मराठी घरे

गणेशचतुर्थीच्या सकाळी पत्रीची जुडी सोडली की आपल्या घरांत एक छोटी परीक्षा ठरलेली असे. आघाडा कोणता, माका कोणता, डोरली कोणती? एकवीस पत्रींत तुळस आणि डाळिंब असतात, तशीच रुई, कण्हेर आणि धोतराही असतात. ही शेवटची तिन्ही विषारी. देवाला काय वाहायचे आणि पोटात काय घ्यायचे, हे मुलांना त्याच तबकाशी कळे.

उज्जैनचे वैद्यकाशी नाते जुने. विक्रमादित्याच्या नवरत्नांत धन्वंतरीचे नाव घेतात. ती नऊ माणसे एका काळातली नव्हती असे इतिहासकार सांगतात, तरी गावाने ते नाव जपले. इथले शासकीय आयुर्वेद महाविद्यालयही धन्वंतरीच्याच नावाचे आहे.

आपल्यापैकी अनेक घराण्यांचे मूळ पुरुष अठराव्या शतकात शिंद्यांबरोबर इथे आले. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभारले, तो हाच काळ. 1810 मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, पण कितीतरी घरे क्षिप्राकाठीच राहिली. 1931 साली सुरू झालेल्या सिंदिया ओरिएंटल इन्स्टिट्यूटने जुन्या पोथ्या गोळा केल्या. बायकांच्या हातातले औषध मात्र कोणत्याच पोथीत उतरले नाही.

ते होते सहाणेवर. वेखंड, मुरडशेंग, बाळहिरडा, अतिविष, जायफळ यांचे माप तोळ्यामाशांत नव्हे, वेढ्यांत होई. हिरड्याचे वेढे मुलाच्या वयाबरोबर वाढत. जायफळाचा मात्र एखादाच, कारण जास्त झाले तर मूल गुंगते.

गुंगीचे भय माळव्यात उगाच नव्हते. इथल्या काळ्या मातीत अफू पिके. एकोणिसाव्या शतकात उज्जैन-इंदूरच्या पेढ्यांवरून ती मुंबईला आणि तिथून गलबतांतून चीनला जाई. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या काही आया तान्ह्याला अफूची ‘बाळगोळी’ देऊन निजवत, आणि ती मुलांच्या जिवावर बेतत असे. त्याच बोंडातली खसखस आपण अनारशांना लावतो. झाड एकच, कोणता भाग, किती आणि कोणाला, यावर सारे अवलंबून.

आज डॉक्टर सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नका म्हणतात. ते ऐकावे. आजीला हा सल्ला मानवला असता असे आम्हाला वाटते, कारण तिच्या बटव्यात काय देऊ नये हेही होतेच. ताप उतरेना तेव्हा तीच म्हणे, आता वैद्यांना बोलवा.

आपल्या घरांतल्या जुन्या वह्यांत अजून काढे, लेप, चाटणे लिहिलेली असतील. या दहा दिवसांत ती वही काढून घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर बसू या. औषधाच्या नावापुढे माप लिहू, आणि कधी देऊ नये तेही लिहून ठेवू.