एका पाटीचे तीन तुकडे : नांदेड-लातूरच्या गाड्यांवर लिहिलेला इतिहास

देगलूरच्या बसस्थानकाबाहेर तासभर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या नंबरप्लेट वाचाव्यात. एमएच २६ म्हणजे नांदेड, केए ३८ म्हणजे बीदर, टीजी १७ म्हणजे कामारेड्डी. तीन राज्ये, तीन परिवहन खाती, तीन प्रकारचे कर. सत्तर वर्षांपूर्वी मात्र हा सारा मुलूख एकाच राज्यात होता आणि त्याच्या गाड्यांवर एकाच राज्याची अक्षरे होती. त्या एका पाटीचे तीन तुकडे कसे झाले, त्याचा हा थ्रेड.

आधी थोडे मागे जाऊ. गाडीला नंबर हवाच, ही कल्पना मोटारीइतकी जुनी नाही. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्ये गाड्यांवर पाटी लावणे सक्तीचे केले. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने ती १ जानेवारी १९०४ पासून अनिवार्य झाली, आणि लंडनचा ‘ए १’ हा क्रमांक अर्ल रसेल यांनी पटकावला. त्यासाठी त्यांनी रात्रभर रांग लावली, असे सांगतात. पहिल्या नंबराचा सोस आजच्या तरुणांनी शोधून काढलेला नाही, एवढे यावरून कळते.

ब्रिटिश हिंदुस्थानात १९१४ चा मोटार वाहन कायदा आला, पुढे १९३९ चा अधिक तपशीलवार कायदा आला आणि प्रांतांना नोंदणीची अक्षरे नेमून मिळाली. मुंबई इलाख्याच्या गाड्या ‘बी’ने सुरू होत. पण नांदेड आणि लातूर मुंबई इलाख्यात नव्हते. ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि संस्थानाचा कायदा, चलन, टपाल जसे निराळे, तशीच गाडीवरची अक्षरेही निराळी : ‘एचवाय’.

या संस्थानातल्या मोटारींचा विषय निघाला की सर्वांना आठवते ती सहावा निजाम मीर महबूब अली खान याने मागवलेली पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट. १९११ मध्ये तिची मागणी नोंदवली गेली आणि त्याच वर्षी निजामाचे निधन झाले. मागच्या बाजूला सिंहासनासारखे आसन असलेली ती गाडी आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पाहायला मिळते. ती सुंदर आहे, यात वाद नाही. पण मराठवाड्याच्या दृष्टीने ती गाडी जवळपास निरुपयोगी पुरावा आहे. इथल्या माणसाचे चाकांशी नाते जुळले ते आधी रेल्वेमुळे आणि मग सार्वजनिक बसमुळे.

मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास नांदेडवरून गेला. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी अरुंद गाडी पोहोचली, तीही कुर्डुवाडीकडून, म्हणजे मुंबई इलाख्याच्या बाजूने. त्यामुळे नांदेडचे तोंड हैदराबादकडे आणि लातूरच्या बाजारपेठेचे तोंड बार्शी-सोलापूरकडे, अशी दोन शहरांची ठेवण तेव्हाच पडली. पुढच्या अनेक भांडणांचे मूळ कदाचित इथेच असेल.

१९३० मध्ये निजाम सरकारने रेल्वे कंपनीकडून स्वतःच्या ताब्यात घेतली, आणि जून १९३२ मध्ये त्याच रेल्वेचे एक रस्ते वाहतूक खाते सुरू केले : २७ बस आणि १६६ कर्मचारी. रेल्वेनेच बस चालवायच्या, म्हणजे रस्ता आणि रूळ यांनी एकमेकांचे उतारू पळवायचे नाहीत, असा हिशेब. सरकारी प्रवासी बससेवेचा हा उपखंडातल्या अगदी आरंभीच्या प्रयोगांपैकी एक. मुंबई राज्याची पहिली एसटी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली ती १ जून १९४८ ला, म्हणजे तब्बल सोळा वर्षांनी. ‘मागास मराठवाडा’ हे शब्द सवयीने उच्चारणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवायला हरकत नाही.

या बसच्या नंबरांत एक अक्षर ठरलेले असे : ‘झेड’. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने आपल्या आईच्या, जहरा बेगमच्या, नावाचे आद्याक्षर बसवर असावे अशी इच्छा व्यक्त केली, म्हणून ‘एचवायझेड’ ही मालिका आली, असे हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. कथा फारच गोड आहे, म्हणून ती सावधपणे घ्यावी. पण अक्षर खरे आहे आणि ते टिकले. संस्थान गेले, आंध्र प्रदेश झाला, तेलंगण झाला, तरी तिथल्या सरकारी बसच्या नंबरांत झेड दिसतोच. मराठवाड्यात मात्र तो उरला नाही. का उरला नाही, याचे उत्तर १९५६ मध्ये आहे.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद भारतात आले, पण राज्य म्हणून आठ वर्षे अखंड राहिले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला आणि हैदराबादचे तीन भाग झाले : तेलुगू भाग आंध्रात, कन्नड भाग म्हैसूरमध्ये, मराठी भाग द्विभाषिक मुंबई राज्यात. शाळेच्या पुस्तकात हे एवढ्याच एका वाक्यात उरकते. कायद्याचा मजकूर वाचला तर लक्षात येते की रेघ जिल्ह्यांच्या सीमेवरून गेलेली नाही. ती तालुक्यांच्या आत शिरून सर्कलांपर्यंत गेली आहे.

नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला, पण सगळा नाही. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कले वगळली गेली. मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैसा आणि कुबेर ही सर्कलेही वगळली गेली. उलट आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल मराठी बाजूला आले. बीदर जिल्ह्यातून अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तीन तालुके निघून उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले.

आता हीच नावे आजच्या नंबरप्लेटवर लावून पाहावीत. बिचकुंदा-जुक्कलची गाडी टीजी १७, देगलूरची एमएच २६. भैसा-मुधोळची टीजी १८, शेजारच्या भोकर-धर्माबादची एमएच २६. किनवटची एमएच २६, पण तिच्यासोबत आदिलाबादेतून आलेल्या राजुऱ्याची एमएच ३४, कारण राजुरा पुढे चंद्रपूरकडे गेले. उदगीरची दीर्घकाळ एमएच २४ होती, आणि ज्या बीदरच्या कचेरीत उदगीरकर १९५६ पर्यंत खेटे घालत, त्या बीदरची केए ३८. सर्कल तपासनिसाच्या दप्तरातली रेघ आज रस्त्यावर धावताना दिसते, ती अशी.

विभाजनानंतर मराठवाड्याच्या वाट्याला आलेल्या बस हैदराबादच्या खात्यापासून वेगळ्या झाल्या, काही वर्षे मराठवाड्याची स्वतंत्र राज्य परिवहन सेवा चालली, आणि १९६१ मध्ये ती विदर्भाच्या सेवेसह आजच्या एसटी महामंडळात विलीन झाली. झेड गेला तो या वाटेवर. एक गंमत मात्र राहिली. लातूर किंवा नांदेड आगाराच्या एसटीवर बहुधा २४ किंवा २६ हे आकडे नसतात. महामंडळाच्या बसची बांधणी चिकलठाणा, दापोडी आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत होते आणि नोंदणीही त्या त्या भागातली. म्हणून लातूरकर ज्या लाल बसला ‘आपली’ म्हणतो, ती पाटीवरून पाहता छत्रपती संभाजीनगरची किंवा पिंपरी-चिंचवडची असते.

मग हे २४ आणि २६ आले कुठून? १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि राज्याची दोन अक्षरे व कार्यालयाचा आकडा अशी आजची पद्धत देशभर रूढ झाली. महाराष्ट्राचे आकडे साधारणपणे विभागवार चालतात : मुंबई-कोकण, मग कोल्हापूर-पुणे, मग नाशिक-खानदेश, आणि मग २० पासून मराठवाडा. औरंगाबाद २०, जालना २१, परभणी २२, बीड २३, लातूर २४, उस्मानाबाद २५, नांदेड २६. पुढे अमरावती २७ पासून विदर्भ.

या ओळीत लातूरची जागा नीट पाहावी. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबादेतून वेगळा झाला. आकडे त्यानंतर वाटले गेले, म्हणून लातूरला रांगेच्या मधोमध जागा मिळाली, आणि तीही जुन्या जिल्ह्याच्या एक पाऊल पुढे. हिंगोलीचे तसे झाले नाही. तो जिल्हा परभणीतून निघाला १ मे १९९९ ला. तोवर रांग भरली होती, त्यामुळे त्याच्या वाट्याला आला ३८, वाशीम आणि नंदुरबार यांच्यामध्ये. बीड जिल्ह्यात जिल्ह्याचे ठिकाण नसलेल्या अंबाजोगाईला ४४ मिळाला. जिल्हानिर्मितीची तारीख ठाऊक नसली तरी आकडा पाहून कोण आधी आणि कोण नंतर, याचा अंदाज बांधता येतो. अभिलेखागारात न जाता वापरता येण्याजोगे असे साधन क्वचितच हाती लागते.

आकडे कचेरीच्या सोयीसाठी होते, पण लोकांनी ते नाव म्हणून स्वीकारले. मागच्या काचेवर नुसते ‘२४’ किंवा ‘२६’ चिकटवलेल्या गाड्या पुण्यात कोणत्याही सिग्नलवर दिसतात आणि दुसऱ्या २४ वाला हॉर्न वाजवून ओळख देतो. याला नांदेड-लातूरच्या चुरशीचीही फोडणी आहे. दोन्ही जिल्ह्यांनी राज्याला दोन-दोन मुख्यमंत्री दिले : नांदेडने शंकरराव आणि अशोक चव्हाण, लातूरने शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. मराठवाड्याचे दुसरे महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, या प्रश्नावर मोर्चे निघाले, बंद झाले. कचेरी कुठे असावी हा प्रश्न वरवर पाहता मानाचा वाटतो. पण ज्या मुलखाने बीदर, उस्मानाबाद, लातूर अशी जिल्ह्याची तीन ठिकाणे एकाच आयुष्यात पाहिली, त्या उदगीरच्या माणसाला कचेरीचे अंतर म्हणजे काय, ते वेगळे सांगावे लागत नाही.

सीमेवर तर पाटीचा थेट खर्च होतो. कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर नव्या राज्यात पुन्हा नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला आणायचा, इथला कर भरायचा, मग तिथला कर परत मागायचा. बिचकुंद्याच्या मामाने देगलूरच्या भाच्याला जुनी जीप दिली तर ती आंतरराज्य हस्तांतरण ठरते. १९५६ पूर्वी ते एकाच तालुक्यातले देणे-घेणे होते. २०२१ मध्ये आलेली ‘बीएच’ मालिका ही अडचण सोडवते, पण मुख्यतः बदलीच्या नोकरदारांची. मामा-भाच्यांसाठी ती नाही.

हौशी मंडळींनी मात्र पाटीलाच कागद मानले. इंग्रजी आकडे जरा वळवले की ४१४१ चे ‘दादा’ होते, २१४ चे ‘राम’, ८०५५ चे ‘बॉस’. नियमाप्रमाणे हे चालत नाही. पसंतीचा क्रमांक रीतसर घेता येतो, पण २०२४ च्या सुधारित दरांनुसार चारचाकीसाठी ०००१ ची किंमत राज्याच्या बहुतेक भागांत पाच लाख रुपये आहे. अर्ल रसेल रात्रभर रांगेत उभे राहिले, ते स्वस्तात सुटले. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना येणारी आणि आता जुन्यांनाही सक्तीची झालेली उच्च सुरक्षा पाटी ही कलाकुसर हळूहळू पुसून टाकते आहे.

आकड्यांची एक खोड अशी की ते नामांतर जुमानत नाहीत. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव झाले, २० आणि २५ जिथल्या तिथे राहिले. सीमेपलीकडे नेमके उलटे घडले. भैसा गाव जागचे हलले नाही, पण आदिलाबाद जिल्ह्यात असताना त्याची गाडी एपी ०१ होती. जून २०१४ मध्ये तेलंगण झाल्यावर ती टीएस ०१ झाली. ऑक्टोबर २०१६ मध्ये निर्मल जिल्हा निघाल्यावर टीएस १८, आणि मार्च २०२४ पासून टीजी १८. जुन्या गाड्यांची जुनी पाटी कायम राहत असल्याने बाजाराच्या दिवशी भैशात या चारही पाट्या एका ओळीत उभ्या दिसू शकतात, आणि त्यांच्या शेजारी भोकरहून कापूस घेऊन आलेला एमएच २६ चा टेम्पो.