अमळनेरची टेक कंपनी

विप्रो टेक कंपनी कधी झाली? स्थापनेच्या दिवशी तर नक्कीच नाही. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी खानदेशात, अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने ती काढली तेव्हा तिचा माल होता सनफ्लॉवर वनस्पती आणि ‘७८७’ हा कपडे धुण्याचा साबण.

वनस्पती तुपाला आपण सरसकट डालडा म्हणून नाक मुरडतो. पण ते करणं म्हणजे घाण्यावर तेल काढणं नव्हे. शुद्ध केलेलं तेल बंद भांड्यात तापवायचं, त्यात निकेलची बारीक पूड घालायची आणि दाबाखाली हायड्रोजन सोडायचा. दाब, तापमान, वेळ सांभाळली की पातळ तेल थंड झाल्यावर रवाळ गोठतं. हे तंत्रज्ञान नाही तर काय? तरीही जगाच्या लेखी कंपनी तेलाची गिरणीच राहिली.

१९६६ मध्ये वडील गेले आणि अझीम प्रेमजी २१व्या वर्षी स्टॅनफर्डचं शिक्षण सोडून गादीवर बसले. टेकचं दार उघडलं ते मात्र सरकारमुळे. १९७३च्या फेरा कायद्याने परदेशी कंपन्यांना भांडवलातला वाटा कमी करायला सांगितलं. कॉम्प्युटर बनवणाऱ्या आयबीएमला ते मान्य नव्हतं, आणि १९७८ मध्ये तिने गाशा गुंडाळला. मोकळ्या झालेल्या बाजारात विप्रो उतरली आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बंगळुरूत मिनीकॉम्प्युटर बनवू लागली. दरम्यान कंपनीचा संतूर साबणही निघाला. १९९१ नंतर आयात खुली झाली, तसा भर सॉफ्टवेअरवर गेला. २००० मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदणी झाली, तेव्हाही साबण आणि विजेचे दिवे त्याच कंपनीत होते! अमळनेरात ज्यांनी तेलाच्या गिरणीचे म्हणून घेतलेले शेअर विकले नाहीत, ते एव्हाना कोट्यधीश झाले होते.

माझ्या मते टेक हा शिक्का कारखान्यातल्या यंत्रांवरून बसतच नाही. गिऱ्हाईक पैसे कशाचे मोजतं आणि गुंतवणूकदार कंपनीला कोणाच्या पंगतीत बसवतो, यावर तो ठरतो. विप्रोने २०१३ मध्ये साबण, दिवे आणि हायड्रॉलिक सिलिंडर हे धंदे वेगळे काढून विप्रो एंटरप्रायझेसकडे दिले. मिलिमीटरच्या अंशात घासून बसवावे लागणारे ते सिलिंडरही टेकच्या यादीत बसले नाहीत. शेअर बाजारात राहिली ती फक्त आयटीवाली विप्रो. विप्रो एंटरप्रायझेसची तिथे नोंदणीच नाही.