पदर, टोपी आणि संत पौल

वसईच्या आमच्या आज्यांनी मिस्सेत डोकं झाकलं ते रोमच्या हुकमावरून, असं आता तरुण मुलींना सांगितलं जातं. हुकूम होता. १९१७ च्या चर्चकायद्यातलं १२६२ वं कलम म्हणत होतं की, पुरुषांनी उघड्या डोक्याने यावं, स्त्रियांनी डोकं झाकून आणि साध्या, शालीन पोशाखात यावं, ख्रिस्तशरीर घ्यायला वेदीपाशी जाताना तर विशेष. पण आमच्या आजीला ते कलम कुणी वाचून दाखवलं नव्हतं आणि तिला त्याची गरजही नव्हती. तांबडं, चौकड्यांचं लुगडं नेसलेली बाई वाडीत केळीला पाणी सोडताना, बाजारात टोपली घेऊन बसताना, सासऱ्यासमोरून जाताना पदर डोक्यावर घ्यायचीच. तोच पदर घेऊन ती देवळातही जायची. चर्चला ती कायम देऊळच म्हणाली.

नियम जड गेला तो आजोबांच्या पिढीला, त्यांच्याही आधीच्यांना. आमच्याकडे पुरुषाच्या डोक्यावर लाल टोपी असे आणि उघड्या डोक्याने चारचौघांत जाणं म्हणजे घरात कुणी गेल्याची खूण. अशा माणसाला दारात टोपी काढून हातात धरायला लावणं, हे या मातीला नवखं होतं. आजी सांगायची, तिचा सासरा चर्चच्या पायरीवर टोपी काढायचा, घडी करून काखेत धरायचा आणि मिस्सा संपल्यावर पायरीवरच परत घालायचा, एक पाऊल पुढे न टाकता.

संत पौलाने करिंथच्या मंडळीला पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात जे लिहिलं, त्याचे दोन भाग आहेत. स्त्रीने प्रार्थनेत मस्तक झाकावं, पुरुषाने झाकू नये. त्यातला स्त्रियांचा भाग आपल्या देशात आधीपासून होता, पुरुषांचा बाहेरून आला. आपण चर्चा मात्र बायकांच्याच डोक्याची करतो. चीनमध्ये हा पेच रोमला उघडउघड सोडवावा लागला होता. तिथे वडीलधाऱ्यांसमोर उघडं डोकं हा अपमान समजला जाई, म्हणून पाचव्या पॉल पोपने १६१५ साली तिथल्या धर्मगुरूंना टोपी घालून मिस्सा करायची मुभा दिली. ही मुभा वसईच्या वाट्याला आली असती, तर तो म्हातारा सासरा पायरीवर थांबला नसता, असं मला राहून राहून वाटतं.

लुगडं आमच्याकडे टिकलं कसं, याचाही एक इतिहास आहे. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. गोव्यात धर्मन्यायालयाने १७३६ साली जो जाहीरनामा काढला, त्यात लग्नातली गाणी, पानविडे यांच्याबरोबर देशी ख्रिस्ती बायकांच्या चोळीवर आणि पुरुषांच्या धोतरावरही बंदी होती. त्यानंतर तीनच वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज गेले, गावं ख्रिस्ती राहिली आणि बायका लुगड्यातच राहिल्या. या दोन सालांच्या मधल्या अंतरात आमच्या आज्यांचा पदर वाचला, असं मी मानते. गोव्यातल्या बायकांनी चर्चला जाताना अंगावरून, डोक्यावरून पांढरी ओल घ्यायची रीत धरली. आमच्याकडे वेगळं कापड लागलंच नाही.

लागलं ते फ्रॉक आल्यावर. आईच्या लहानपणी, पन्नासच्या दशकात, मुंबईत नोकरी करणाऱ्या घरांतून फ्रॉक गावात आला, आणि फ्रॉकला पदर नसतो. मग मुलींच्या डोक्यावर रुमाल आला, जाळीचा वेल आला, तो बसावा म्हणून दोन पिना आल्या. रुमाल विसरलेल्या पोरीला दारातच कुणीतरी आपल्या नवऱ्याचा रुमाल काढून द्यायची. आईने असा तंबाखूच्या वासाचा रुमाल डोक्यावर घेऊन अख्खी मिस्सा काढली होती. वेल हे परदेशी सणवाराचं कापड, असं आपण समजतो, पण आमच्या गावापुरतं बोलायचं तर ते हरवलेल्या पदराच्या जागी लावलेलं ठिगळ होतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ साली संपली, मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली. १९७६ साली रोमने एका निवेदनात सांगून टाकलं की, मस्तक झाकण्याची ही रीत त्या काळाची होती, ती आता बंधनकारक नाही. १९८३ च्या नव्या कायद्यात तर त्याचा उल्लेखही राहिला नाही. आमच्या गावात ना घोषणा झाली, ना वाद. आधी लुगडं गेलं, मग रुमाल घरी राहू लागला.

मी गेल्या राखेच्या बुधवारपासून मिस्सेत ओढणी डोक्यावर घ्यायला लागले. आईला ते आवडलं नाही. ती तीस-एक वर्षं शाळेत शिकवत होती, आणि तिने पदराची दुसरी बाजू भोगली आहे. ती म्हणाली, "बाय, सासऱ्याच्या धाकाने जो पदर आम्ही ओढला, तो खाली पडायला केवढा काळ लागला! तू आपल्या हाताने परत का घेतेस?"

आईचा प्रश्न खोटा नाही. पौलाच्या त्या अध्यायात पुरुष स्त्रीचं मस्तक आहे, असंही लिहिलंय, आणि ते वाक्य दाखवून बायकांना गप्प बसवणारे मी पाहिलेत. पण त्याच अध्यायात पुढे तो लिहितो की, प्रभूच्या ठायी पुरुष स्त्रीवाचून नाही आणि स्त्री पुरुषावाचून नाही. मी आईला एवढंच सांगितलं की, सासऱ्यासमोर पदर घ्यायचीस तेव्हा तुला स्वतःला आक्रसून घ्यावं लागायचं. मी ओढणी घेते तेव्हा आजूबाजूची गर्दी, कोण कसं नटून आलंय, कुणाच्या घरात काय चाललंय, हे सगळं कडेला राहतं आणि वेदी तेवढी समोर उरते. मला याची गरज आहे.

तेव्हा आईच सांगू लागली. जिभेवर कम्युनियन घ्यायला आजी मान वर करायची, कडेवर मी किंवा धाकटा, दोन्ही हात गुंतलेले, आणि पदर हमखास घसरायचा. मागच्या रांगेतली बाई हात पुढे करून तो सावरायची. कुणाची कोण असेना, वाडीच्या पाण्यावरून भांडण असो की अबोला. त्या बाईच्या पुढच्या माणसाने आपली टोपी काखेत घट्ट धरलेली असायची. आईने इतकं सांगितलं आणि म्हणाली, "हे मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं."

माझी मुलगी उघड्या डोक्याने येते. तिला मी ओढणी दिलेली नाही, देणारही नाही. पण पुढच्या रविवारी आईला घेऊन गावातल्या चार म्हाताऱ्यांकडे जायचं ठरलंय, पहिल्यांदा त्या टोपीबद्दल विचारायला. बायकांच्या पदरावर सगळेच बोलतात, पायरीवर टोपी काढणाऱ्या माणसांचं अजून कुणी लिहून ठेवलेलं मी पाहिलेलं नाही.